अण्णांचे दात

लहान मुलांच्या तोंडात इतक्या हक्काने डोकावणारा माणूस बेळ्ळंदूरच काय, अख्ख्या बेंगळुरूत दुसरा सापडणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी, वय सत्तरीपार. सकाळी शाळेच्या बससाठी निघालेल्या पोरांना ते लिफ्टपाशी गाठतात. "स्वल्प आ कर बघू," म्हणतात आणि दाढेवर कालची चकली दिसली की पोराला सरळ घरी पिटाळतात. बस चुकते, आया चिडतात, अण्णा ढिम्म. एक बाई तावातावाने भांडायला गेल्या, तर अण्णांनी आधी त्यांच्याच हिरड्यांची चौकशी केली. त्यांची शिकवण्याची रीत तर आणखी अजब. मुलाच्या हातात नवा ब्रश द्यायचा आणि स्वतःचे तोंड पुढे करायचे. तोंडात उरलेत चार दात, पण ते निम्म्या बिल्डिंगच्या पोरांनी घासलेत. "आतून घास, गोल गोल," अशा सूचना फेसातून चालू असतात, आणि पोर घरी जाऊन आपलेही तसेच घासते.

आमची पाच वर्षांची मुक्ता मात्र बधेना. तिची दाढ किडली होती आणि दातांच्या डॉक्टरांपुढे ती दोनदा ओठ घट्ट मिटून बसली होती. आता नाही ऐकले तर पूर्ण भूल द्यावी लागेल, असे त्यांनी सांगितले. एवढ्याशा पोरीला भूल, या विचाराने आम्हा नवरा-बायकोला घास गोड लागेना.

तिसऱ्या खेपेला अण्णा सोबत आले. मुक्ता खुर्चीवर चढेना, तेव्हा "सरी, ठीक आहे, आधी मी," म्हणून तेच बसले. डॉक्टरांनी छोटा आरसा पुढे केला आणि अण्णांनी तोंड मिटून घेतले. कपाळावर घाम फुटला होता, बोटे खुर्चीला घट्ट आवळलेली. मला वाटले, पोरीसाठी नाटक करताहेत.

"नाटक नाही हो," ते पुटपुटले. "या खुर्चीत जन्मात पहिल्यांदा बसतोय. बाकीचे दात भीतीपायीच घालवले."

आता संपले सगळे, मी मनात म्हटले. मुक्ता टक लावून बघत होती. मग पुढे होऊन तिने त्यांचा हात धरला. "आ करा, अण्णा. मी आहे ना इथं."

अण्णांनी डोळे मिटून आ केला. त्यांच्यामागून तीही बसली, हात न सोडता, आणि भूल न देता दाढ भरून झाली. मला त्या म्हाताऱ्याची फार माया आली.

अण्णांना आता शनिवारची वेळ मिळाली आहे. सोबत येऊ का, म्हणून मी विचारले.

"तुम्ही नको," ते खाली बघत म्हणाले. "मुक्ताला पाठवा."