नागाची खूण

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीनं जुडी पुढे केली तरी मी आतली पानं उलटून बघते, मग डॉक्टरांना कशी सोडीन?

बाळ अठरा दिवसांचं होतं. अंगावर घेतलं की दोन घोट ओढायचं, चटकन सुटायचं आणि रडायचं. मला चिरा पडल्या होत्या आणि त्याचं वजन वाढायचं सोडून उतरत चाललं होतं. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या डॉक्टरांनी मला समोर पाजायला लावलं, मग बोटांनी त्याची जीभ उचलून दाखवली. खाली पातळ पडदा होता, त्यानं जीभ तळाशी धरून ठेवली होती. रडताना तिचं टोक मधोमध खचून दोन पाकळ्या व्हायच्या. "सगळ्यांचा कापावा लागत नाही," ते म्हणाले, "पण याला दूधच ओढता येत नाहीये. छोटासा छेद देऊ." मी मनात म्हटलं, झालं, यांची कात्री तयारच!

त्यात कुळगावच्या आमच्या घरात त्या दोन पाकळ्या म्हणजे नागाची खूण ठरल्या होत्या. मूल अंबरनाथच्या महादेवाच्या नवसाचं, तेव्हा सासूबाईंना त्यात काही नवलच वाटलं नव्हतं. "देवाची खूण कापतेस काय गो?" एवढंच त्या म्हणाल्या आणि मी गारठले. सोमवारी बाळाला घेऊन महादेवाकडेच गेले, कौल मागायला.

देवळाच्या पायरीवर त्यानं भुकेनं टाहो फोडला. शेजारी बसलेल्या एक अनोळखी सिंधी आजी वाकून म्हणाल्या, "अले अले, किती लडतो!" बाळाशी सगळेच बोबडं बोलतात. पण मग माझ्याशीही तसंच, "बेटी, पोलाला दूध पिता येत नाही का ले?" माझं डोकंच फिरलं. ही थट्टा करतेय, की त्या डॉक्टरांनी पाठवलीय? मी फटकारलं, "माझ्याशी तरी नीट बोला!"

आजी हसल्या. त्या जीभ बाहेर काढून दाखवायला गेल्या, तर ती दातांपुढे येईचना, आणि टोक मधोमध खचलेलं. "हमाले घल में भी सब बोले, देवाची देन आहे, हात लावू नका. चमच्याने दूध पाजून जगवलं मला." मग बाळाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "महादेवाने दिला ना? मग तो त्याला भूखा कशाला मालेल?"

मला रडूच फुटलं. मी कौल मागायला आले होते आणि तो बोबड्या शब्दांत मिळाला होता.

त्याच दुपारी छेद दिला. डॉक्टरांनी लगेच बाळाला माझ्याकडे दिलं आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा ते पोटभर प्यायलं. तरी जित्याची खोड! मी डॉक्टरांना विचारलंच, "त्या आजींना तुम्ही पाठवलं होतं ना?" त्यांना काही कळेचना. पुढे कितीतरी सोमवार मी आजींना शोधलं, पण त्या दिसल्या नाहीत. आता शोधत नाही, नमस्कार तेवढा करते. देणाऱ्याची झडती घ्यायची नसते, हे मला उशिरा कळलं.

परवा वर्षाच्या लेकरानं देवासमोर लांबलचक जीभ काढून वाकुल्या दाखवल्या. सासूबाई दटावायला लागल्या.

मी म्हटलं, "दाखवू दे हो. ज्यानं सोडवली, त्यालाच दाखवतोय."