वाकड्या तोंडाचा जावई

आमच्या मामेसासऱ्यांनी जगातल्या एकाही आडनावावर आजवर विश्वास ठेवलेला नाही, स्वतःच्याही नाही. त्यांच्या मते आडनाव म्हणजे मूळ पुरुषाविरुद्ध गावानं दिलेली साक्ष, आणि वंशजांचं सारं आयुष्य ती दडपण्यात जातं. या मतापायी पुण्यात त्यांनी पुष्कळ माणसं तोडली. मग लेक जर्मनीत एर्लांगेनला पीएच.डी. करते म्हणून ते तिथे आमच्याकडे राहायला आले, आणि माझ्या ऑफिसातल्या स्कॉटिश-आयरिश मंडळींवर त्यांची नजर पडली. मॅकिन्टायर म्हणजे सुताराचा मुलगा, हे कळल्याबरोबर चहाला आलेल्या त्या सज्जनापुढे मामांनी आमचा अडकणारा ड्रॉवर आणून ठेवला. तो म्हणाला, मी सॉफ्टवेअर लिहितो. "बापाचा धंदा लपवतोय," मामा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले. मर्फीबाईंचा मूळ पुरुष समुद्रावरचा लढवय्या निघाला, तर "इथे समुद्र कुठाय? मग ही आली कशाला?" केनेडीचा अर्थ कुणी शिरस्त्राणवाला लावतात, कुणी कुरूप डोक्याचा. त्या गृहस्थांनी घरात आल्यावर टोपी काढली नाही, तेवढ्यावर मामांनी दुसऱ्या अर्थाच्या बाजूनं निकाल देऊन टाकला.

अशातच एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, मला लग्न करायचंय. तो स्कॉटलंडचा आहे. कॅम्पबेल."

मामा मोबाइल घेऊन बाल्कनीत गेले आणि चेहरा पाडून परत आले. "वाकडं तोंड," ते म्हणाले. "खोटं बोलणारं घराणं. गेनाऊ." 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा हा एवढा एकच जर्मन शब्द ते शिकले होते.

"तुम्ही नको म्हणालात तरी मी करीन," ती म्हणाली, "पण मग मला त्यात आनंद वाटणार नाही."

पुढच्या आठवड्यात कॅम्पबेल जेवायला आला. मामा वरणभात सोडून त्याच्या तोंडाकडेच बघत होते. "सरळ दिसतंय," माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हेच मला खटकतंय." आणि शेवटी न राहवून त्यांनी इंग्रजीत विचारलंच, "तुमच्या नावाचा अर्थ तुम्हाला माहीत आहे का?"

"वाकडं तोंड," तो हसून म्हणाला. "माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तोंड एका बाजूला गेलं. ते म्हणायचे, आत्ता कुठे मी खरा कॅम्पबेल झालो."

लेकीनं खाली बघितलं. मामांनी घास ताटात ठेवला.

"जेवायचे कसे?"

"डाव्या बाजूनं. मी भरवायचो."

मामी जाण्याआधी वर्षभर मामांनीच त्यांना भरवलं होतं. हे ते कधी कुणाशी बोलले नव्हते. आता ते खुर्ची सरकवून त्याच्याजवळ बसले. पेज किती पातळ लागते, मान कशी धरायची, ठसका लागला की काय करायचं, दोघं हळूहळू बोलत राहिले. लेकीनं मला खूण केली, तशी आम्ही भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिनं नळ बारीक सोडला. बाहेर मामा त्याला मामींचं माहेरचं नाव सांगत होते, आणि त्याला ते नीट म्हणता येईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगत होते.