गाडीच्या छताला कोरा मांजरपाट

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येताना चामराजपेटात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीला गचका बसला आणि छताचं कापड बायकोच्या डोक्यावर आलं. ते बरेच दिवस लोंबत होतं. मी टाचण्या मारून निभावत होतो. त्या दिवशी टाचण्यांसकट खाली आलं आणि कापडामागचं कुजकं ज्यूट भुशासारखं तिच्या केसांत, पदरावर, डोळ्यांत. थोड्या वेळापूर्वीच डॉक्टर बजावत होते, मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात धुळीचा कण जाता कामा नये.

घर येईपर्यंत ती दोन्ही हातांनी कापड वर धरून बसली. उतरल्यावर म्हणाली, "अहो, ऑपरेशन झाल्यावर मी ह्यात बसून येणार नाही. जावईबापूंची गाडी आहे. नाहीतर रिक्षा."

जावई कंप्यूटरच्या कामात. तेव्हा नवी कोरी छोटी गाडी घेतली होती, आत गार हवा वगैरे. तो लगेच म्हणाला, "मामा, मी आणतो ना मामींना. आणि ही तुमची गाडी आता काढा हो."

"ती माझी बायको आहे," मी म्हटलं, "माझ्या गाडीतनं घरी येईल."

मी शिंपी माणूस. शाळा चौथीतच सुटली. पण ही गाडी मी मशीनवर पाय मारून घेतलेली. मल्लेश्वरमचं एक जुनं गिऱ्हाईक विकत होतं, मी घेतली. आमच्या गल्लीत मोटार दारात उभी करणारा पहिला शिंपी मीच. लोकांना काय, ते हसायचे. हसू देत.

शेजारच्या गल्लीत सीटांचं आणि रिक्षांच्या हुडांचं काम करणारा एकजण होता, कानडी. त्याच्याकडे गेलो. त्यानं डोकं आत घालून बघितलं आणि बाहेर काढलं. "अण्णा, ह्या गाडीचं तयार कापड आता मिळत नाही. रेक्झिन मारू?"

"उन्हात रेक्झिनचा वास सुटतो. बायको ओकेल."

"मग स्वल्प थांबा. सणानंतर बघू."

"सणापर्यंत थांबायला ऑपरेशन काय तुझ्या सवडीनं आहे? मीच शिवतो."

तो हसला. "शिवा अण्णा, शिवा. गाडीला शर्ट शिवा. कॉलर लावायला विसरू नका."

त्या हसण्यानं मला जोर आला. घरी येऊन सीटा बाहेर काढल्या, फळी टाकली आणि उताणा पडून जुनं कापड उतरवलं. ज्यूट खरवडून पत्रा उघडा केला. बघतो तर आतलं काम सगळं आमचंच! पत्र्याखाली आडव्या कमानदार तारा, आणि त्या तारांसाठी कापडाला नेफे शिवलेले, पायजम्याला नाडीसाठी असतो तसे. कडा सोल्युशननं चिकटवून रबराच्या पट्टीत खोचलेल्या. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच?

जाड सुती कापड आणलं, बादलीत भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली. कापड पाण्यातनं काढल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही, हे आमच्या घरात पोरांना बोलायच्या आधी शिकवतात. मापं घेतली, थोडी ढील सोडून कापलं, नेफे घातले, तारा ओवल्या. कडा खोचायला चमच्याचा दांडा वापरला. संध्याकाळी बायको बघून गेली, काही बोलली नाही. म्हणजे बरं दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापलं आणि दोन तारांच्या मध्ये कापड पोटासारखं सुटलं. मी ओढलं. इकडे ओढलं की तिकडे झोळ. बायकोनं दारातनं बघितलं आणि आत जाऊन मुलीला फोन केला, "जावईबापूंना सांगून ठेव हो."

मला फार लागलं ते. दुकानात जाऊन बसलो.

तेवढ्यात समोरची अक्का आली. नवऱ्याचा रेडीमेड पायजमा माझ्यापुढे आपटला. "बघा अण्णा, पहिल्याच धुण्यात पोटरीपर्यंत आला! खाली सोडून द्या."

एरवी मी रेडीमेडवाल्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी तो पायजमा हातात घेऊन बसलोच. न भिजवता कापलेला, म्हणून पाणी लागताच आटला. आणि मी काय केलं होतं? जे आटणं छताला हवं होतं ते सगळं बादलीतच संपवून टाकलं होतं. वर ढील सोडली, जसा काही गाडीला श्वास घ्यायचा आहे.

अक्काला म्हटलं, "सरी, बरं, उद्या देतो," आणि उठून थेट कोरा मांजरपाट घेऊन आलो, खळीसकट. कोऱ्या कापडाला कात्री लावताना हात अडला, खोटं कशाला सांगू. वडिलांनी बघितलं असतं तर कात्री हिसकावून घेतली असती. लावली तरी. घट्ट मापानं कापलं, सगळं पुन्हा शिवलं, पुन्हा चढवलं. सोल्युशन पक्कं वाळू दिलं. बायको ऑपरेशनसाठी दाखल झाली, त्या सकाळी फडकं पाण्यात बुडवून सगळं छत खालून ओलं केलं आणि चारी दारं उघडून गाडी उन्हात लावली. हुडवाला मुद्दाम वाकडी वाट करून आला. "अण्णा, शर्टाला घाम आला काय?"

"आला. तू जा."

वाळत गेलं तसं कापड ताणत गेलं. आधी सुरकुत्या गेल्या, मग झोळ गेला. बोट मारलं तर टप्प वाजलं.

तिला घरी सोडणार त्या दिवशी दवाखान्याच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या. जावई आधीच येऊन थांबला होता, दार उघडून. ती बाहेर आली, एका डोळ्यावर पट्टी, मुलीच्या खांद्यावर हात. मी म्हटलं, "बसायच्या आधी हात लावून बघ."

ती माझ्या गाडीपाशी आली, आत वाकली, छतावर हात फिरवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग हात डोळ्यापाशी आणून बोटं बघितली, काही लागलंय का. वर एक टिचकी मारली.

"जावईबापू," ती म्हणाली, "पिशवी आणि डबा तेवढा तुमच्या गाडीतनं आणा."

आणि पदर सावरून माझ्या मागे बसली.