टाक्यातलं काळं सूत

घोरावाडी स्टेशन मागे पडलं आणि खिडकीबाहेर काही उरलंच नाही. जानेवारीतलं धुकं, अर्धा रिकामा डबा आणि माझ्या मांडीवर एक पेटी. जेवणाच्या डब्याएवढीच, पण आत सूक्ष्मदर्शक होतं. पुण्यात माझं छोटं वर्कशॉप आहे आणि गेली काही वर्षं मी एकाच नादात आहे. पिशवीत मावेल, डोंगरात नेता येईल आणि कुठलाही भाग बिघडला तर तेवढाच काढून दुसरा बसवता येईल, असं सूक्ष्मदर्शक करायचं. लेन्सची नळी, काच ठेवायची पाटी, खालचा दिवा, सगळं चुंबकावर टक्कन बसतं. घरचे म्हणतात, हिची भातुकली लहानपणी राहून गेली, ती आता चाललीय.

मळवलीला मारुतीभाऊ फाटकापाशी उभे होते. ते इथल्या एका बंगल्याची देखभाल करतात. आम्ही मैत्रिणी तिथे उतरतो, त्यातून ओळख झाली. त्यांचं घर मात्र भाजे गावाच्या वर, डोंगरातल्या वाडीत. वाडी पाणी पिते ते एका टाक्याचं (कातळात कोरलेला हौद). यंदा त्या पाण्याला वास येतोय, अशी बायकांची तक्रार होती. ते पाणी सोडावं लागलं तर रोज खाली भाज्यातून हंडे भरून चढ चढायचा, आणि मारुतीभाऊंच्या आईचे गुडघे तर आधीच गेलेले. तुमच्या यंत्रात बघून सांगता का, असं त्यांनी विचारलं होतं. मलाही यंत्र डोंगरात वापरून बघायचं होतं, मी लगेच हो म्हटलं.

भाज्यात एका टपरीवर चहा आणि भजी झाली. आडवार असल्याने पर्यटक नव्हते. मग चढ लागला. धुक्यात मारुतीभाऊंची पाठ दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. गुरांच्या घंटा अगदी जवळून वाजत होत्या, पण एकही जनावर दिसलं नाही. उजव्या हाताला कुणीतरी बॅटरी चमकवल्यासारखं मला दोनदा वाटलं. तिकडे कोण आहे म्हणून विचारलं.

मारुतीभाऊ थांबले. "तिकडं कोन असनार ताई, तिकडं कडा हाय."

मी त्यांच्या अगदी मागे मागे चालायला लागले.

टाकं वाडीच्या थोडं वर आहे. कातळात माणूस वाकून शिरेल एवढी खोबण आणि आत काळं, गार पाणी. मारुतीभाऊंची आई, सखूमावशी, तिथेच भेटल्या. बायका पाणी भरत होत्या आणि त्यांची भरायची रीत पाहून मी जागीच थांबले. कुणीही पाण्याकडे बघत नव्हतं. कडेला बसायचं, मान बाहेर वळवायची आणि हाताच्या अंदाजाने हंडा बुडवायचा. कुणाच्याही पाण्याचा थेंब सांडत नव्हता. मावशींना विचारलं, तर त्यांनी चहात साखर किती घालायची हे सांगावं तसं सांगितलं, की टाक्यात डोकावलं की आतलंही बघतं. आतलं म्हणजे काय, ते काही त्या बोलल्या नाहीत.

मला मात्र नमुना घ्यायचा होता. हसू दाबून मी आत वाकले आणि मोबाइलचा उजेड पाण्यावर टाकला. माझाच चेहरा दिसला. त्याच क्षणी उजव्या बाजूला पुन्हा काहीतरी लख्ख चमकलं, आणि तिथे नुसता कातळ होता. बाटली भरली आणि मी बाहेर आले.

मावशींच्या अंगणात नाचणीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, मग ओट्यावर पेटी उघडली. बायका हंडे घेऊन भोवती जमल्या होत्या. काचेवर थेंब घेतला, दिवा लावला आणि डोळा लावला. सुरुवातीला नेहमीचंच दिसलं, मातीचे कण, शेवाळाचा एखादा हिरवा तुकडा. मग कडेने एक काळं सूत आत आलं. जाड, मधे पीळ पडलेलं. मी नजर वळवली तसं तेही वळलं आणि थांबले तर हळूच खाली बसायला लागलं.

"काहीतरी आहे यात," मी बोलून गेले.

एकीने हंडा उपडा केला, मग दुसरीने. सगळ्या अंगणातून पाणी वाहिलं. मावशींनी घरातली घागरसुद्धा आणून ओतली. मी थांबा, थांबा म्हणत होते, पण माझं म्हणणं पुरं होईपर्यंत वाडीत प्यायला पाणी उरलं नव्हतं.

मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुटे भाग करायचा एक फायदा म्हणजे दोष हुडकणं सोपं जातं. एकेक भाग बदलत जायचा. काच बदलली, सूत होतंच. लेन्सची नळी बदलली, तरी होतं. पाटी बदलली, दिवा काढून आरसा लावला. ते तसंच, त्याच पिळासकट. शेवटी स्टेशनवर घेतलेल्या बाटलीतल्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यातही ते आलं. आता बदलायला एकही भाग उरला नव्हता.

मावशींना बघायला सांगितलं. त्या नको नको म्हणत बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. काहीच नाही, म्हणाल्या. मी डावा डोळा लावून पाहिलं. खरंच काही नव्हतं. उजवा लावला, सूत हजर.

मी मान वर केली. दरीत पांढरंफेक धुकं भरलेलं, आणि त्या धुक्यावर, भाज्याच्या अंगाला, ते काळं सूत लोंबत होतं.

दोष माझ्या डोळ्यात आहे, तुमच्या पाण्यात मला काही दिसलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. बाटली तपासणीला देते, असंही म्हणाले. बायका ऐकत होत्या, पण बघत होत्या माझ्या डोळ्याकडे. मावशी तेवढ्या जवळ आल्या.

"टाक्यात बगितलं व्हय तुमी?"

मी हो म्हणाले. त्यांनी मारुतीभाऊंना गाडी काढायला सांगितलं. "पानी काय, परत भरता येतं. आदी डोळा दावा."

भाज्यात उतरून मोटारसायकलवरून आम्ही लोणावळ्याला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून तपासलं आणि आजच्या आज पुणं गाठा म्हणाले. माझ्यासारख्या मोठ्या नंबरचा चष्मा असलेल्या माणसांचा डोळ्यातला पडदा पातळ असतो. माझ्या पडद्याला भेग पडली होती. चमक दिसत होती ती त्याचीच, आणि ते सूतही. थेंबांमुळे उजेड सोसत नव्हता. चिक्कीच्या दुकानांचे दिवे अंगावर येत होते आणि प्रत्येक दिव्यावर ते सूत होतं. माझी दृष्टी गेली तर मी काय करायचं, एवढंच डोक्यात होतं.

पुण्यात त्याच दिवशी लेझर झालं आणि डोळा वाचला. सूत राहील, हळूहळू फिकट होईल, असं डॉक्टर म्हणाले.

पाण्याचा अहवाल आला तो चांगला होता. वास कुजक्या पाल्याचा, टाकं साफ करा, एवढंच त्यात होतं. मी हौसेने मारुतीभाऊंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि अडखळत सांगितलं, की टाकं कधीच साफ केलंय, पण बाया अजून भाज्यातूनच पाणी आणतात. आईसुद्धा. मी चिडले, अहवालाचं पुन्हा सांगायला लागले, तोवर फोन मावशींनी घेतला.

"ताई, ते अजून दिसतंय का तुमाला?"

विचारपूस करणाऱ्या सगळ्यांना मी आता बरं आहे, असंच सांगत होते. तेच तोंडावर आलं होतं. पण समोरच्या भिंतीवर ते स्वच्छ दिसत होतं.

"दिसतंय, मावशी."

पलीकडे त्यांनी सुस्कारा सोडला. फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाल्या, "तिच्यासंगच हाय." मग मला म्हणाल्या, "म्हंजी हितं न्हाई. उद्यापासनं टाक्याचं पानी भरतो आमी. जपून ऱ्हावा."

लोणावळ्याहून लोक चिक्की आणतात, मी हे घेऊन आले. वाडीत पुन्हा टाक्याचं पाणी पितात, मावशींचा चढ सुटला, हे ऐकून बरं वाटतं. डॉक्टरांचं म्हणणं मला पुरेपूर पटलेलं आहे. पण आज सकाळी ते सूत बराच वेळ दिसलं नाही, तेव्हा मी काम टाकून खिडकीशी गेले आणि उजेडाकडे बघत ते शोधत राहिले. सापडलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.