छत्तीसच्या जागी चोवीस

हे खरं तर एखाद्या फायरमनने लिहायला हवं. मी लिहितो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. मी कधी आग विझवलेली नाही. बंबावर बसलो तो एकदाच, तोही बंब धुवायला काढला होता तेव्हा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिता येतं म्हणूनच माझ्या हातून ते झालं, तर निदान ते लिहून तरी काढावं, असं वाटलं.

पदवीच्या शेवटच्या वर्षी मला चंद्रपुरात अग्निशमन दलाच्या कार्यालयात सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं. शहर वाढलं होतं. बाहेरच्या नव्या वस्त्यांसाठी दुसरं केंद्र उघडायचं होतं आणि तिथे लागणारी माणसं नि साहित्य मागणारा प्रस्ताव वर पाठवायचा होता. लिपिक बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, म्हणून टायपिंग माझ्याकडे आलं.

साहित्याची यादी मला एका कंत्राटी फायरमनने समजावली. त्यांचं गाव सिंदेवाहीकडचं, माझ्या गावापासून दोन कोसांवर. मी त्यांना भाऊ म्हणायचो. होजपाईप उलगडून कुठे कुठे ठिगळ आहे ते त्यांनी बोटाने दाखवलं. धुरात जाताना पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, "जड लागते? हे घेऊन तीन माळे चढ. मंग लिही, किती पायजेत ते." मी चढलो नाही. यादी मात्र लिहिली.

नव्या केंद्रात जितक्या जागा मंजूर होतील, तितक्यांवर जुनी कंत्राटी माणसं क्रमाने कायम करायची, असं ठरलं होतं. भाऊ अकरा वर्षं कंत्राटावर होते आणि यादीत एकोणिसावे होते. वयाच्या अटीत बसायला त्यांच्याकडे सवलत धरूनही वर्षसुद्धा उरलं नव्हतं. बाकीचे त्यांना नंबरानेच हाक मारत, "काय गा एकोणीस, पेढे कवा?"

दलाचे प्रमुख म्हणजे आमचे साहेब. त्यांच्या कच्च्या मसुद्यात फायरमनच्या छत्तीस जागा होत्या. मी हिशेब मांडला. एका गाडीवर सहा जण, तीन पाळ्यांचे अठरा, साप्ताहिक सुट्टी आणि रजा सांभाळायला आणखी सहा. चोवीस. वरचे बारा कुठून आले, ते मला कळेना. प्रस्तावाच्या शेवटी एक दाखला होता, की ही मागणी प्रत्यक्ष गरजेइतकीच आहे. त्या ओळीपाशी माझा हात थांबला. आमच्या घरी उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात. पुडक्यात सत्तर पानं म्हणजे सत्तर. कुणी मधे फाटकी पानं दडपून पुडकं भरत, पण बाबा माझं पुडकं सोडून पुन्हा मोजायचे. मला ते बारा फायरमन तसेच वाटले. कुणाला न विचारता मी छत्तीसच्या जागी चोवीस टाईप केलं.

साहेबांना सांगणार होतो. पण ते घाईत होते, जिन्यातच सहीला थांबले. "तू नीट पाहिलंस ना सगळं?" मी हो म्हणालो. त्यांनी न वाचता सही केली. आकडा मी गैरसमजातून बदलला, असं स्वतःला सांगता येतं. त्या "हो"साठी अजून काही सापडलेलं नाही.

दीड महिन्याने मंजुरी आली, सोळा जागांची. वरची समिती प्रत्येक मागणीतला तिसरा हिस्सा कापतेच, कागद न वाचताही कापते, हे कार्यालयातल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. कापून चोवीस उरावेत म्हणूनच साहेबांनी छत्तीस लिहिले होते. साहित्याच्या आकड्यांना मी हात लावला नव्हता, ते पुरेसं आलं. नव्या केंद्रात सिलिंडर होते, ते पाठीवर घेणारी माणसं कमी होती.

साहेबांनी फाईल चाळली आणि माझ्याकडे पाहिलं. "विचारायचं तरी," एवढंच म्हणाले. सही त्यांची होती, त्यामुळे वर उत्तरही त्यांनीच दिलं. माझं नाव त्यात कुठेच आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊंना मी स्वतः सांगितलं, कार्यालयामागच्या चहाच्या टपरीवर. त्यांनी हातातला ग्लास बाकावर ठेवला.

"काऊन केलं गा असं?"

मला खोटं लिहायचं नव्हतं, असं मी कसंबसं म्हणालो.

"आता चार जण सहाचं काम करतीन. ते खरं होय का?" मग ते थोडं हसले. "आमाले वाटलं, आपल्याकडचा पोट्टा लिहून राह्यला, आता चिंता नाई."

त्यांनी मला रागवावं, असं वाटत होतं. त्यांनी दुसरा चहा सांगितला.

साहेबांनी पुरवणी प्रस्ताव माझ्याकडूनच लिहून घेतला. आठ जागा हव्या होत्या, आम्ही बारा मागितल्या. खाली दाखल्याची तीच ओळ मी पुन्हा टाईप केली आणि या वेळी हात थांबला नाही. प्रस्ताव वर गेला आणि पडून राहिला. माझं प्रशिक्षण संपलं, परीक्षेच्या अभ्यासाला मी गावी आलो. काय झालं ते विचारायला फोन करावा, असं रोज वाटे. नंबर काढून पाहायचो आणि मोबाईल खिशात ठेवायचो. मार्च असाच गेला.

पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना भाऊंचाच फोन आला. मी चिखलाच्या पायांनी बांधावर येऊन उभा राहिलो. आठही जागा मंजूर झाल्या होत्या. कोण कोण लागलं ते त्यांनी नावं घेऊन सांगितलं, कुणाच्या घरी जेवण झालं तेही सांगितलं. मी विचारलं, आणि तुमचं?

"माहं वय मार्चातच निघून गेलं ना, बाबू," ते म्हणाले. "माह्या जागी पंचविसावा लागला."