वृषालीचं उभं राहणं

वृषाली निमगाव केतकीत सून म्हणून आली तेव्हा गावाला तिच्याबद्दल एवढंच कळलं होतं, की ती नाच शिकवते. पुण्यात एका बाईंकडे ती कितीतरी वर्षं शिकली होती, आणि त्या बाई चीनला राहून तिथली विद्या शिकून आल्या होत्या. बायकांनी विचारलंच, "नाच म्हंजी कसला गं?" तिची सासू शकुबाई ओशाळून म्हणाली, "शाळंत गॅदरिंगला बसवत्यात न्हाय का, तसलाच."

तसला तो नव्हता. देवीच्या देवळामागच्या सभामंडपात तिनं सकाळचा वर्ग सुरू केला. छकुली, संस्कृती अशा पाच-सहा पोरी आल्या. मी अंगणवाडीची बाई, गुडघ्यांनी बेजार, म्हणून मीही मागं जाऊन उभी राहू लागले. पहिले कित्येक दिवस तिनं नाचवलंच नाही. नुसतं उभं केलं. गुडघे जरा सैल, हात समोर, झाडाला कवेत घेतल्यासारखे. छकुली म्हणाली, "मॅडम, ह्याला नाच म्हणत्यात व्हय? हे तर बसची वाट बघणं झालं!"

वृषाली हसली. "तुझे पप्पा उसाला पाणी देतात, तेव्हा पाणी ढकलतात का?"

"न्हाय. सरीच्या तोंडची माती वढून दारं मोडत्यात, मग जातंय आपलं आपण."

"मग झालं की. अंगात जोर आहेच, तो आणायचा नाही. खांदा, कोपर, मनगट, जिथं जिथं आपण अडवून धरलंय, तिथलं दारं मोडायचं. हात उचलायचा नाही, उचलला जाऊ द्यायचा."

चिनी लोक त्या जोराला ची म्हणतात आणि त्याच्या वाटेला ताओ, असं ती सांगायची. बेंबीखाली चार बोटांवर तो राखेखालच्या विस्तवासारखा असतो, श्वासानं जपायचा. मला हे परकं वाटलं नाही. देवापुढं डोळे मिटून बसल्यावर जो निवांतपणा येतो, तोच उभ्यानं यायचा. तिला हवं होतं एकच: ह्या पोरींचा एक नाच बसवायचा आणि दिवाळीनंतर बारामतीच्या नाट्यगृहात करायचा. "एकदा करू दे काकू," म्हणायची, "मग लोक काहीही म्हणू देत."

एका मंगळवारी पोरी यायच्या आधी ती एकटी उभी होती. मी नुकतीच येऊन चपला काढत होते. वृषाली न्हाऊन आलेली, केस मोकळे. बराच वेळ उभं राहिलं की तिची बोटं थरथरायची, मग अंग हलकेच झुलायचं. ते थांबवायचं नाही, डोळेही उघडायचे नाहीत, मधेच तोडलं तर जोर विस्कटतो, असं तिला तिच्या बाईंनी शिकवलं होतं. तेवढ्यात गावातली साखरबाई देवीची ओटी भरायला आली. तिनं हे बघितलं आणि ताट खाली ठेवून सरळ वृषालीचे पाय धरले.

"आई, कोण हायस तू? बोल गं!"

वृषालीचे डोळे मिटलेलेच, अंग झुलतच होतं. मी म्हणाले, "साखरबाई, अहो, व्यायाम आहे तो." पण ती ऐकते कशाला! "माझ्या सुनंची कूस उजव आई, पाच वर्सं झाली." वृषालीनं नेहमीसारखे दोन्ही हात सावकाश खाली आणले आणि पोटावर ठेवले. रोज शेवट असाच करायची. साखरबाई रडायलाच लागली.

दोन महिन्यांत साखरबाईच्या सुनेला दिवस गेले.

मग काय सांगायचं. वृषाली घरोघर जाऊन सांगून आली, "माझ्या अंगात काही आलं नव्हतं." बायका हात जोडून म्हणाल्या, "देवी कधी सोताच्या तोंडानं सांगती का?" पोरींच्या आयांनी वर्ग बंद केला. राग नव्हता कुणाचा. छकुलीची आई मला म्हणाली, "नाचताना चुकून पाय लागला म्हंजी? तिच्या बरोबरीनं पोरीनं उभं ऱ्हायाचं, ते बरं हाय का?" मी देवाला मानते. म्हणूनच मला ठाऊक होतं, की त्या दिवशी तिथं देवी नव्हती, एक मन लावून उभी राहिलेली बाई होती. पण हे गावाला कुणी कसं समजवावं?

तिचा नवरा अविराज म्हणाला, "लोकांचं मन मोडू नगं. माझ्या आईला किती मान मिळतोय बघ." वृषाली गच्चीवर एकटीच उभं राहण्याचा सराव करून बघायची. डोळे उघडले की शकुबाई जिन्यात ऊद घेऊन हजर.

"आत्या, अहो मी आहे, वृषाली."

"व्हय आई," शकुबाई म्हणायची.

दिवाळी गेली. बारामतीला कुणीच गेलं नाही.

आता ती मंगळवारी त्याच सभामंडपात पाटावर बसते, बायका रांगेनं पाया पडायला येतात. उभी राहत नाही. एकदा मी विचारलं, घरात दार लावून तरी उभी राहतेस का? म्हणाली, "राहून बघितलं काकू. बेंबीखाली काही लागतच नाही. नुसती राख."

परवा छकुलीला घेऊन तिची आई आली. पोरीनं हात जोडले, डोळे घट्ट मिटलेले, कोपरं अंगाशी आवळलेली. वृषाली बघत राहिली. मग पुढं झाली आणि दोन बोटांनी छकुलीचं कोपर हळूच सैल करायला गेली, वर्गात करायची तसंच.

"बघ, हात लावला आईनं!" छकुलीच्या आईनं पोरीचं डोकं खाली दाबलं.

छकुलीचं कोपर आणखीच आवळलं. वृषालीनं हात मागं घेतला. मागच्या बाईनं नारळ पुढं सरकवला.