वीतभर पुढची रेघ

"वहिनी, यंदा चुना दादांना मारू दे."

दर्शनाचं माझ्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं हे. पनवेलच्या हॉस्पिटलात ती तापानं पडली होती, प्लेटलेट उतरत चालल्या होत्या आणि मी उशाशी बसून मोसंबी सोलत होते. मी म्हटलं, "वन्सं, आधी बऱ्या व्हा, मग चुन्याचं बघू." माझ्याहून लहान असलेल्या या नणंदेला मी लग्नापासून थट्टेनं 'वन्सं' म्हणायची आणि ती हमखास नाक मुरडायची. त्या दिवशी तिनं नाक मुरडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत नववीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि काही बोलेचना, तेव्हाच मला कळलं. हातातला खडू खाली ठेवला एवढं आठवतं... त्याला आता दोन महिने होतील. मधे दसरा येऊन गेला, दिवाळी आमच्याकडे नव्हतीच. घरामागचं टेनिसचं लाल मातीचं कोर्ट दरवर्षी दसऱ्यानंतर तयार होतं. ते यंदा गवतात तसंच पडून राहिलं.

दर्शना कोण, हे पनवेलबाहेरच्या वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. ती राज्याची टेनिस विजेती होती, लागोपाठ दोनदा. वीटभट्टीवाल्या आगरी घरातली मुलगी टेनिस खेळते याचंच लोकांना कोण अप्रूप! तळोज्याच्या बाजूला आमची भातशेती होती. नव्या शहरासाठी सरकारनं ती घेतली आणि बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा प्लॉट दिला. भावकीतल्या सगळ्यांनी आपापले प्लॉट बिल्डरला देऊन त्यावर मजले चढवले. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, भट्टीतल्या फुटक्या विटा कुटून घेतल्या, चाळून घेतल्या आणि आमच्या प्लॉटवर त्या भुकटीचं लेकीसाठी कोर्ट केलं. गाव म्हणायचं, म्हातारा सोन्यावर माती टाकतोय. पावसाळ्यात ती भुकटी वाहून जायची. मग दसऱ्यानंतर पुन्हा पसरायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा आणि दोरी ताणून चुन्याच्या रेघा ओढायच्या. रेघा हे दादांचं काम. चुन्याच्या डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. रेघेच्या बाबतीत माणूस भारी कडक. चुलतभावानं शेताचा बांध हातभर सरकवला म्हणून त्यांनी निम्मं आयुष्य दावा लढवण्यात घालवलं होतं, आणि ती जमीनच गेली तरी राग काही गेला नव्हता. "बांध सरकवनारा मानूस नरकात पन वीतभर जागा जास्ती मांगल," असं ते जेवताना, झोपताना, पाहुण्यांना चहा देताना, केव्हाही म्हणत.

मी पेणहून लग्न होऊन आले तेव्हा दर्शना ऐन भरात होती. मी आयुष्यात रॅकेट धरलेली नव्हती, पण घरात सकाळी मोकळी मीच. मग मला जाळीपलीकडे बादली घेऊन उभं केलं. ती सर्व्हिस करायची आणि मी चेंडू गोळा करायची. नवी नवरी पदर खोचून चेंडूंमागे धावताना बघून शेजारणी तोंडाला पदर लावायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. तिची सर्व्हिस बघण्यासारखी होती. कोर्टवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. चेंडू बरोबर त्या सुळक्याच्या टोकाला टेकेल इतका उंच उडवायचा आणि मग हाणायचा, असा तिचा हिशेब. समोरच्या चौकटीत तो असा पडायचा की धूळ उडायची.

मग पुण्याची ती फायनल झाली. जिंकायला एकच गुण हवा होता. सर्व्हिसला दोन संधी मिळतात. पहिली रेघेच्या थोडीशी बाहेर पडली आणि दुसरीही तशीच. असं कुणाचंही होतं. पण त्यानंतर तिचा हात आखडायला लागला. ती सामना हरली, पुढचा हरली, त्याच्या पुढचाही. प्रत्येक वेळी चेंडू थोडक्यात बाहेर. हातभर बाहेर गेला असता तर चूक तरी सापडली असती. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून हाताची दृष्ट काढली. गावदेवीला कोंबडा झाला. मुंबईच्या डॉक्टरनं खांदा फिरवून बघितला आणि काहीही झालेलं नाही म्हणून सांगितलं. काही झालेलं नाही, हेच तर रडगाणं होतं! सकाळी ती चेंडू उडवायची आणि न मारताच झेलायची. पुन्हा उडवायची, पुन्हा झेलायची... मी पलीकडे रिकामी बादली धरून उभी. जेवायला बसली की घास चिवडत राहायची. एकदा कोर्टच्या कडेला बसून म्हणाली, "इथं सात मजले उभे राहिले असते वहिनी. माझ्यासाठी दादांनी माती ठेवली. आणि मला साधी सर्व्हिस येत नाही. मग मी या घरात आहे कशाला?"  मी तिचा हात धरला, तर तो गार पडला होता.

त्या हिवाळ्यात लाल मातीवरच्या स्पर्धा ओळीनं होत्या. पहिली कोल्हापूरला. त्या मोसमात सावरली तर सावरली, नाहीतर संपलं, असं तीच म्हणत होती. दादांनी जाळीजवळ खुर्ची टाकली आणि स्वतःच पंच झाले. सुरुवातीला त्यांचा पडेल आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा, "भायेर... भायेर..."  दर रविवारी ते पुसट झालेल्या रेघा नव्यानं मारायचे. आणि कसं कोण जाणे, हळूहळू "आत हाय! आत!" ऐकू यायला लागलं. आधी एखादा, मग चारातला एक, मग सगळेच. पोरगी मोकळी झाली. मांदेलीचं कालवण ओरपायला लागली. "वहिनी, मीठ कमी आहे," असं म्हणण्याइतकी धीट झाली. सासूबाईंनी देवीला साडी नेसवली. घरात कितीतरी महिन्यांनी कुणीतरी गुणगुणत होतं.

कोल्हापूरला सोबत मीच गेले, कारण यांना सुट्टी नव्हती. लाल मातीवर चेंडू पडला की गोल खूण उमटते. शंका आली तर पंच खुर्चीवरून उतरून ती खूण दाखवतो. दर्शनाची पहिली सर्व्हिस बाहेर. दुसरी बाहेर. तिनं खूण दाखवायला सांगितलं आणि पंचानं दाखवली. पुढच्या वेळी पुन्हा दाखवली. कोंबडीनं एकाच जागी टोचत राहावं तशा साऱ्या खुणा रेघेमागे एकाच पट्ट्यात होत्या. रेघेपासून साधारण वीतभर. ती त्या खुणांकडे खूप वेळ बघत राहिली. लोक कुजबुजायला लागले. सामना बघता बघता संपला. परतीच्या एसटीत तिनं खिडकीला डोकं टेकलं ते सातारा मागे पडला तरी उचललं नाही. मग म्हणाली, "वहिनी, आपलं कोर्ट मोजायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा जेवून आडवे झाल्यावर आम्ही मागे गेलो. जाळीपासून रॅकेटपुढे रॅकेट ठेवत ती मोजत गेली. नऊ रॅकेटी आणि वर एक दांडा, तिथं सर्व्हिसची रेघ असायला हवी. आमची रेघ त्याच्या वीतभर पुढे होती, म्हणजे चौकटच तेवढी मोठी. तिनं पलीकडची बाजू मोजली. तिथंही तेच. ती रुळावर जाऊन बसली.

माझं डोकं फिरलं. बांध सरकवणाऱ्याला नरकात धाडणारा हाच ना माणूस! दर रविवारी बोटबोट रेघ पुढे ढकलत नेली. पोरीचा विश्वास बसला की तशीच गुपचूप मागे आणायची, असाच त्यांचा बेत असणार. त्याआधीच कोल्हापूर उजाडलं. मी त्यांना उठवायला निघाले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"त्यांना सांगायचं नाही, वहिनी. कधीच नाही."

"अगं पण तुला इतके दिवस दिसलं कसं नाही? चेंडूची शिवण दिसते तुला!"

तिनं रॅकेटवरची लाल भुकटी झटकली. मग म्हणाली, "दिसत असेल गं... बघायचं नव्हतं मला."

संध्याकाळी चहाच्या वेळी ती दादांना म्हणाली, "दादा, तुमच्या डोळ्यांना आता झेपत नाही. रेघा यापुढे मी मारीन." आणि चुन्याचा डबा उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवला.  पुढच्याच महिन्यात पनवेलला जाऊन दादांनी मोतीबिंदू काढून घेतला. हिरवी पट्टी सुटल्याबरोबर म्हणाले, "आता मना कर्नाल्यावरचा झाड न् झाड दिसतंय." डबा परत मिळेल अशी आशा त्या आवाजात स्वच्छ ऐकू येत होती. तिनं डबा दिला नाही.

त्या मोसमात ती आणखी दोन स्पर्धा खेळली. खेळली म्हणायचं आपलं. रेघेकडे बघायची आणि ती रेघ तिला खरी वाटायची नाही. सामन्याआधी सगळ्यांदेखत रॅकेट ठेवून मोजायला बसायची. पोरी हसल्या, पंच खेकसला. मोजूनही तिचं समाधान व्हायचं नाही, पुन्हा मोजायची. होळीच्या आसपास तिनं खेळ सोडला. तेव्हा ती पंचवीसचीसुद्धा नव्हती. पुढे एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मुलांना शिकवायला लागली. बरं चाललंय, सावरली हो, असं लोक म्हणायचे. लोकांना काय जातंय म्हणायला!

घरच्या कोर्टवर मात्र तिची सर्व्हिस परत आली. खरीखुरी. स्वतः मोजून, स्वतः मारलेल्या रेघेच्या आत, पहिल्यासारखी धूळ उडवत. रोज सकाळी दादा खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "आत हाय!" मी किती विनवलं असेल तिला, की एकदा तरी बाहेर जाऊन खेळ, एकच स्पर्धा. मी रागावले, रडले, अबोला धरून बघितला. तिचं उत्तर ठरलेलं, "इथली रेघ मी मारलेली आहे, वहिनी." अशी सगळी वर्षं गेली. राज्याची विजेती, आणि तिची सर्व्हिस बघायला एक म्हातारा आणि बादली धरलेली भावजय. मला त्या कोर्टचा राग येतो. तिचा येतो, दादांचा येतो आणि मग कुणाचाच येत नाही, नुसतं भरून येतं.

तिचा निरोप मी दादांना दिवाळीनंतर सांगितला. आधी धीरच झाला नाही. "यंदा चुना तुम्ही मारायचा असं सांगून गेलीय ती," एवढंच मी बोलले.  दुसऱ्या दिवशी ते कुदळ घेऊन गवत काढायला लागले. यांनी भुकटी पसरली, रूळ फिरवला. मी दर्शनाच्या खोलीतून डबा आणला आणि दोरीचं टोक धरून बसले. दादांनी कडेच्या रेघा मारल्या, मधली मारली. कुंचा दोरी सोडत नव्हता. सर्व्हिसच्या रेघेपाशी आले आणि मातीत उकिडवे बसले.

"सूनबाय, तिला कळला व्हता का गं?"

"काय, दादा?" मला ठाऊक होतं तरी मी विचारलं.

त्यांनी कुंच्यानं नुसती समोरची माती दाखवली.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही. तुमच्या डोळ्यांची काळजी होती तिला, म्हणून डबा घेतला."

मोतीबिंदू काढलेल्या त्या डोळ्यांनी दादा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू पन तिचीच वयनी." आणि दोरी ताण म्हणून हातानं खूण केली.

त्यांनी रेघ मारली. एका दमात, सरळ. नंतर खुर्ची जाळीजवळ नेऊन ठेवली आणि त्या रिकाम्या कोर्टसमोर बसले. दर्शनाची रॅकेट मागच्या पडवीत खुंटीला आहे. मोजायला मी ती उतरवली नाही.